ऑफ-रोड बाइकला स्टीअरिंग डॅम्पर बसवायचा असेल तर

वाळूत किंवा सुट्या खडीवर वेगात असताना पुढचं चाक एखाद्या अर्धवट गाडल्या गेलेल्या दगडावर आदळतं आणि हँडल हातातून हिसडा देऊन बाजूला जातं. तुम्ही सावरता, पण मनगट दुखतं. असं दिवसभर चाललं की संध्याकाळपर्यंत दोन्ही हात भरून येतात आणि दमलेल्या हातांनी चुका होतात. स्टीअरिंग डॅम्पर हा हिसडा शोषून घेतो. ज्यांना ऑफ-रोड मनापासून आवडतं त्यांच्यासाठी ही फार मोलाची वस्तू आहे, पण नीट बसवली तरच. वाकडा किंवा घाईत बसवलेला डॅम्पर हँडल मध्येच अडकवू शकतो, आणि चालत्या बाइकवर याहून धोकादायक काही नाही. म्हणून हे काम सावकाश, एका मोकळ्या दिवशी करायला घ्या.

आधी तो काम कसं करतो ते बघू, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. ऑफ-रोडला बहुतेक वेळा गोल, म्हणजे रोटरी डॅम्पर वापरतात. डबीच्या आकाराच्या बॉडीत तेल भरलेलं असतं आणि आत एक पातं असतं. बॉडी हँडलसोबत फिरते. पात्याच्या शाफ्टला बाहेर एक आर्म असतो आणि त्याची खाच चेसिसवर बसवलेल्या पिनवर अडकते. हँडल फिरलं की पातं तेलाला एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ढकलतं आणि ते तेल बारीक व्हॉल्व्हमधून जातं. तुम्ही हँडल हळू वळवलं तर तेल आरामात वाहतं, हाताला जवळपास काही जाणवत नाही. दगडाने झटका दिला तर तेलाला तेवढ्या वेगाने वाट मिळत नाही आणि झटका तिथेच जिरतो. म्हणजे विरोध हँडल किती वळलं यावर नाही, किती वेगाने वळलं यावर ठरतो. जुन्या काळच्या बाइकना हँडलच्या मधोमध एक मोठा नॉब असलेला घर्षणाचा डॅम्पर असायचा. तो आवळला की हँडल सगळीकडे सारखंच जड व्हायचं. तेलाच्या डॅम्परचा फायदा कळतो तो या फरकात.

काही डॅम्पर हँडल मधोमध परत येताना मोकळे सोडतात, फक्त बाहेर जाताना अडवतात. काही दोन्ही दिशांना सारखंच अडवतात. स्कॉट्सचे डॅम्पर, जे स्वीडनची ओहलिन्स कंपनी बनवते, ऑफ-रोड सेटिंगमध्ये पहिल्या प्रकारचे असतात. जीपीआर कंपनीचे दुसऱ्या प्रकारचे. अरुंद, वळणावळणाच्या पायवाटेवर पहिला प्रकार मोकळा वाटतो, तर मोठ्या वेगाच्या सपाट वाळूत दुसऱ्याचं स्थैर्य कित्येकांना आवडतं. चांगला-वाईट असं यात काही नाही, तुम्ही जास्त कुठे चालवता त्यावर ठरवा. लांबट नळीसारखा, पिस्टन असलेला डॅम्परही असतो. होंडाने 2008 च्या सीआरएफ450आर वर नंबर प्लेटमागे असाच डॅम्पर कंपनीतूनच दिला होता. बाजारातून विकत घेऊन बसवायचे मात्र बहुतांश रोटरीच, म्हणून इथे त्याबद्दलच लिहितो आहे.

डॅम्परच्या आधी बाइक

ही पायरी कृपया गाळू नका. पुढचा भाग ढिला असताना डॅम्पर लावला तर आजार झाकला जातो, बरा होत नाही. ढिल्या बेअरिंगवर डॅम्पर लावून समाधानी असलेले कितीतरी लोक आहेत, आणि ते बेअरिंग आत झिजतच राहतं.

बाइक स्टँडवर घ्या, पुढचं चाक जमिनीपासून उचललेलं हवं. हँडल एका बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडलं, तर स्टीअरिंग बेअरिंग, ज्याला गॅरेजमध्ये कोनसेट किंवा बॉल रेसर म्हणतात, ते खराब झालं आहे. खरखर जाणवली तर ग्रीस संपलं आहे किंवा आत पाणी गेलं आहे. आता समोर बसा, फोर्कचे दोन्ही पाय खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. टक-टक जाणवलं तर कोनसेट ढिला आहे. त्यानंतर चाक वरून-खालून धरून आडवं हलवून बघा, तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, मिळाला तर चाकाचं बेअरिंग गेलं. आरे एकेक दाबून बघा, ढिले असतील तर आवळा.

मग सस्पेन्शन. हँडल फडफडण्याचं कारण बऱ्याचदा इथे असतं आणि लोक डॅम्पर विकत घेतात. रायडर पूर्ण कपड्यांत बसल्यावर मागचं सस्पेन्शन जेवढं खाली बसतं त्याला सॅग म्हणतात. सुमारे 300 मिलीमीटर ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शनची वर-खाली एकूण हालचाल, असलेल्या मोठ्या एन्ड्युरो बाइकला हा सॅग साधारण 100 ते 105 मिलीमीटर ठेवतात, म्हणजे एकूण ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. सॅग कमी असेल तर बाइकचा मागचा भाग उंच राहतो, फोर्क जास्त उभा होतो आणि हँडल चंचल होतं. फोर्कचे पाय क्लॅम्पमधून वर जास्त काढले असतील तरी तेच होतं. दोन्ही ठीक करून एकदा चालवून बघा. काहींना इथेच कळतं की डॅम्परची तेवढी गरज नव्हती. बाकीच्यांना डॅम्पर लावल्यावर त्याचं पूर्ण फळ मिळतं, कारण तो मग फक्त दगडांशी झुंजतो, तुमच्या बाइकच्या दोषांशी नाही.

हँडलच्या वर की खाली

हा निर्णय किट घेण्याआधी घ्यायचा. डॅम्पर हँडलबारच्या वर, क्लॅम्पवर बसवता येतो किंवा हँडलबारच्या खाली, ट्रिपल क्लॅम्प (फोर्कचे दोन्ही पाय धरणारा भाग) आणि बार यांच्या मध्ये.

वर बसवणं सोपं. हँडलची उंची बदलत नाही, केबल ओढल्या जात नाहीत, सेटिंगचा नॉब हाताशी असतो. पण चेसिसपासून वर येणारा, पिन धरणारा टॉवर उंच लागतो आणि तो जितका उंच तितका लवचिक. शिवाय पडल्यावर छाती किंवा पोट त्या धातूच्या डबीवर आपटू शकतं. खाली बसवला तर टॉवर आखूड आणि कडक, डॅम्पर झाकलेला, पण हँडलबार साधारण 20 ते 30 मिलीमीटर वर जातो. उंच माणसाला, उभ्याने चालवणाऱ्याला हे उलट सोयीचंच पडतं. बुटक्या रायडरला कमी उंचीचा बार घ्यावा लागू शकतो. माझं मत विचाराल तर, केबलची लांबी पुरत असेल तर खालीच बसवा.

हँडलबार रबरी बुशवर बसवलेला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. डॅम्पर त्या रबरवर टेकत असेल तर झटक्याच्या वेळी आधी रबर दबतं, मग डॅम्पर कामाला लागतो. हँडल थोडं हललेलं तुम्हाला जाणवतं. किटसोबत कडक बुश किंवा रबरासाठीचा वेगळा क्लॅम्प येतो का, ते आधी विचारा.

चेसिसकडचा टॉवर वेल्डिंगचाही मिळतो आणि बोल्टचाही. वेल्डिंगसाठी स्टीलची चेसिस लागते, रंग खरवडावा लागतो, टाकी उतरवावी लागते, बॅटरी आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) सुटे करावे लागतात आणि कोनसेट काढून ठेवावा लागतो, नाहीतर उष्णतेने त्याचं ग्रीस जळतं. अॅल्युमिनियमच्या चेसिसवर तर हा मार्ग विचारातच घेऊ नका. पहिल्यांदाच बसवणाऱ्याने बोल्टचा टॉवर घ्यावा. तो काढता येतो, सरकवता येतो आणि बाइक विकताना मूळ स्थितीत आणता येते.

किट मागवताना बाइकचं मॉडेल आणि वर्ष अचूक द्या. एकाच मॉडेलच्या लागोपाठच्या दोन वर्षांत चेसिसचा पुढचा भाग किंवा ट्रिपल क्लॅम्प बदललेला असू शकतो आणि दोन-तीन मिलीमीटरच्या फरकानेही टॉवर बसत नाही.

हत्यारं

अॅलन कीचा चांगला सेट, सॉकेट, टॉर्क रेंच, मध्यम ताकदीचं निळं थ्रेड लॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात ते), ब्रेक क्लीनर, ग्रीस, प्लास्टिकचा हातोडा, मार्कर पेन आणि पुढच्या चाकाखाली द्यायला लाकडी ठोकळा. बाइकचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी ठेवा. टॉर्कचे आकडे त्यातलेच आणि किटच्या कागदावरचेच धरायचे. खाली मी दिलेले आकडे फक्त अंदाज यावा म्हणून.

उघडणं

टाकीवर जाड कापड टाका, हँडलबार सुटला की तो नेमका टाकीवरच पडतो. टाकी काढणं शक्य असेल तर काढाच, टॉवर बसवायला हात नीट पोचतो. काम सुरू करण्याआधी मोबाइलवर वरून, डावीकडून आणि उजवीकडून फोटो काढा. केबल कुठून कशी जाते हे नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही. हँडलबार क्लॅम्पमध्ये किती फिरवलेला आहे तेही मार्करने खूण करून ठेवा.

बारच्या वरच्या क्लॅम्पचे चार बोल्ट सोडा, बार पुढे झुकवून एका पट्ट्याने बांधून ठेवा. ब्रेकच्या नळीवर बारचं वजन येऊ देऊ नका. पुढच्या ब्रेकची तेलाची डबी शक्यतो उभीच राहू द्या, उलटी झाली तर नळीत हवा शिरते.

आता बघा, टॉवर एकसंध कड्याचा आहे की दोन तुकड्यांचा. दोन तुकड्यांचा चेसिसच्या गळ्याभोवती बाहेरूनच जोडता येतो. एकसंध असेल तर वरचा ट्रिपल क्लॅम्प उतरवावा लागतो आणि इथे नवखे लोक अडचणीत येतात. केटीएमसारख्या काही बाइकवर स्टीअरिंगचा दांडा, म्हणजे चेसिसच्या गळ्यातून जाणारा मधला दांडा, वरच्या क्लॅम्पनेच धरलेला असतो. वरचा बोल्ट सोडून क्लॅम्प काढला की फोर्कसकट सगळा पुढचा भाग खाली घसरतो. म्हणून क्लॅम्प सोडण्याआधी पुढच्या चाकाखाली ठोकळा द्या, इतका घट्ट की चाक त्यावर टेकलेलं असेल. जपानी बाइकवर क्लॅम्पखाली सहसा वेगळा नट असतो, तो दांडा धरून ठेवतो, तरीही ठोकळा द्याच.

क्लॅम्प निघालाच आहे तर वरचं बेअरिंग पुसून नवं ग्रीस भरा. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुन्हा इतक्या सहज तिथवर हात पोचणार नाही.

टॉवर बसवणं

चेसिसचा जो भाग टॉवर धरणार आहे तो ब्रेक क्लीनरने चकचकीत पुसा. तेलाचा अंश राहिला तर टॉवर हळूहळू फिरत जातो. टॉवर जागेवर ठेवा आणि बोल्ट हातानेच, टॉवर जरा सरकू शकेल इतपत लावा. या टप्प्यावर काहीही पक्कं आवळायचं नाही. वायरिंगचा गठ्ठा किंवा केबल टॉवरखाली चेपली जात नाही ना, ते टॉर्च लावून बघा.

वरचा क्लॅम्प परत बसवताना आवळण्याचा क्रम महत्त्वाचा. फोर्कचे पाय धरणारे वरचे बोल्ट ढिले असतानाच मधला नट किंवा बोल्ट आवळायचा, कारण कोनसेटचा ताण त्याने ठरतो. केटीएमच्या बऱ्याच एन्ड्युरो बाइकवर हा बोल्ट फक्त 12 न्यूटन-मीटरवर आवळतात, तर जपानी मोटोक्रॉस बाइकवर मधला नट 100 न्यूटन-मीटरच्या वर जातो. हा फरक इतका मोठा आहे की अंदाजाने आवळणं इथे चालतच नाही. मधला आवळून झाला की क्लॅम्पवर प्लास्टिकच्या हातोड्याने हलके दोन-चार ठोके द्या, म्हणजे तो ताण न राहता बसतो. मग दांड्याचा बाजूचा बोल्ट असेल तर तो, आणि शेवटी फोर्कचे बोल्ट. फोर्क पुन्हा हलवून बघा. प्ले नको, आणि हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे सहज पडायला हवं.

डॅम्पर आणि बार

आता डॅम्परचा माउंट ट्रिपल क्लॅम्पवर ठेवा. बॉडीचा मध्य स्टीअरिंगच्या दांड्याच्या बरोबर वर आला पाहिजे. सरळ वरून, एक डोळा मिटून बघा. काही किटमध्ये माउंट पुढे-मागे सरकतो, तेव्हा इथे वेळ द्या. दोन्हींचे मध्य जुळले नाहीत तर हँडल फिरताना आर्म पिनवर पुढे-मागे घासत जातो आणि शेवटाला जाऊन ताणतो. थोडा फरक आर्मची लांबट खाच सामावून घेते, जास्त नाही.

बोल्टच्या आट्यांवर निळ्या लॉकरचा एक थेंब पुरे. अॅल्युमिनियमच्या भागांत जाणारे बोल्ट पहिले काही आटे हातानेच फिरवा. तिरका गेलेला बोल्ट पान्याने रेटला तर आटे जातात आणि ट्रिपल क्लॅम्पचे आटे गेले तर तो अख्खा बदलण्याची वेळ येते. बार क्लॅम्पचे 8 मिलीमीटरचे बोल्ट बहुतेक बाइकवर 20 ते 25 न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, खालून क्लॅम्प धरणारे 10 मिलीमीटरचे सुमारे 40. वरच्या क्लॅम्पवर पुढची फट आणि मागची फट कशी ठेवायची हे किटच्या कागदावर असतं. काहींमध्ये पुढची बाजू पूर्ण टेकवून मागे फट ठेवतात, काहींमध्ये दोन्हीकडे सारखी.

पिन आणि आर्म

सगळ्या कामात जास्तीत जास्त लक्ष इथे हवं. चाक सरळ ठेवा. डॅम्परचा आर्म मागे, बरोबर चेसिसच्या मधल्या रेषेवर यायला हवा आणि पिन त्याच्या खाचेच्या मधोमध. आर्म एका बाजूला झुकलेला असेल तर डॅम्परचा मध्य आणि बाइकचा मध्य वेगळे आहेत. असा डॅम्पर डावीकडे वेगळा आणि उजवीकडे वेगळा वागेल. टॉवर थोडा सरकवून हे जुळवा. टॉवर वाकवून कधीही जुळवू नका.

आता उंची. पिन आर्मच्या खाचेत पुरेशी आत गेली पाहिजे, पण टॉवरचा खांदा आर्मला खालून टेकता कामा नये. दोन्हींमध्ये साधारण 1 ते 2 मिलीमीटरची फट असावी, किटच्या कागदावर आकडा असेल तर तोच धरा. फट का, तर उंचावरून बाइक जमिनीवर आदळते तेव्हा चेसिस आणि क्लॅम्प किंचित लवतात. फट नसेल तर तो सगळा दाब आर्ममधून डॅम्परच्या शाफ्टवर जातो आणि सील फुटतं. उलट फट फार ठेवली तर पिन फक्त टोकाने धरलेली राहते आणि जोराच्या झटक्यात निसटू शकते.

हे मोजायचं कसं? पिनच्या वरच्या भागावर मार्करने काळा रंग लावा. डॅम्पर बसवून हँडल दहा-बारा वेळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि डॅम्पर पुन्हा काढा. रंग जिथपर्यंत घासला गेला आहे तिथपर्यंत आर्म पिनला धरतो आहे. घासलेली पट्टी पिनच्या टोकावर जेमतेम दिसली तर टॉवर वर घ्या. पट्टी सगळीकडे सारखी नसून एकाच कडेला गडद असेल तर टॉवर तिरका आहे. खांद्यावरचा रंगही पुसला गेला असेल तर तो टेकतो आहे. डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या टॉवरचा तिरकेपणा या खुणेत लगेच उघडा पडतो.

काही किटमध्ये पिन टॉवरमध्ये वर-खाली मोकळी सरकते. ती तशीच असायला हवी, लॉकर लावून पक्की करू नका. पिनला ग्रीसचा पातळ थर द्या. सगळं जुळलं की मग टॉवरचे बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळत टॉर्कवर आणा, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा पिन बघा. आवळताना टॉवर हमखास किंचित फिरतो.

टोकापासून टोकापर्यंत

हँडल डावीकडे शेवटपर्यंत न्या. ते कशामुळे थांबलं? फोर्कच्या खालच्या क्लॅम्पचा स्टॉपर चेसिसवर टेकून थांबलं पाहिजे. डॅम्परचा आर्म आतल्या आत संपला म्हणून थांबत असेल तर काम तिथेच थांबवा. पडल्यावर हँडल शेवटाला आपटतं तेव्हा तो सगळा फटका डॅम्परच्या पात्यावर आणि टॉवरवर येईल. अशा वेळी टॉवर पुढे-मागे करून बघा, नाही जमलं तर तो किट तुमच्या बाइकचा नाही. उजवीकडेही हेच. हँडलचं वळण आधी होतं तेवढंच राहिलं आहे ना, तेही बघा. दाट झाडीत, उतारावरच्या घट्ट वळणात ते शेवटचे दोन-चार अंश लागतात.

शेवटाला असताना हाताची बोटं बार आणि टाकीमध्ये चेपत नाहीत ना, टाकीचं झाकण उघडतं ना, झाकणावरची हवेची नळी टॉवरखाली दबली नाही ना, किल्लीचं स्विच असेल तर किल्ली लागते ना, या चारही गोष्टी हाताने करून बघा.

बार वर गेला असेल तर केबल तपासायच्या. इंजिन सुरू करा, न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवा आणि हँडल सावकाश दोन्ही टोकांना न्या. आवाज जराही वाढला तर थ्रॉटलची केबल ताणली जाते आहे. ही चाचणी बंद जागेत नव्हे, उघड्यावर करा. क्लचची केबल असेल तर हँडल शेवटाला नेऊन लिव्हरची मोकळीक बघा, ती कमी होता कामा नये. ब्रेकची नळी फोर्क पूर्ण उघडलेला असताना, म्हणजे चाक हवेत लटकत असताना, ताणलेली दिसली तर लांब नळी लागेल. केबल थोडी आखूड पडत असेल तर ती नंबर प्लेटच्या मागून न नेता पुढून नेल्याने बऱ्याचदा पुरते, पण कुठेही तीव्र वळण घेता कामा नये.

पहिली राइड आणि सेटिंग

डॅम्परचा मुख्य नॉब बहुतेक वेळा घड्याळाच्या दिशेने फिरवला की घट्ट होतो. सुरुवात पूर्ण मोकळ्यावर करा. सपाट जागेत, चालण्याच्या वेगाने आठच्या आकड्यात फिरा. काही अडत नाही याची खात्री झाली की तुमच्या नेहमीच्या, तोंडपाठ असलेल्या वाटेवर जा. नवी वाट आणि नवा डॅम्पर एकाच दिवशी नको, कारण मग फरक कशाचा ते कळत नाही. दोन-दोन क्लिक वाढवत त्याच वाटेवरून पुन्हा जा.

किती घट्ट हवं हे ओळखायची साधी पद्धत आहे. हळू वेगात बाइक डावी-उजवीकडे डुलायला लागली, तुम्ही सरळ जायचा प्रयत्न करताय आणि ती नागमोडी जाते आहे, तर डॅम्पिंग जास्त झालं. तोल सांभाळायला आपण हँडल सतत बारीक बारीक हलवत असतो आणि घट्ट डॅम्पर तेच अडवतो. दोन क्लिक मागे या. नवख्यांचा कल कायम घट्टकडे असतो, कारण स्टँडवर उभ्या बाइकवर हँडल जड लागलं की काहीतरी होतंय असं वाटतं. चालवताना तो जवळपास विसरला जायला हवा.

वेगातही जास्त डॅम्पिंगचा धोका आहे. संशोधक रॉबिन शार्प यांनी 1971 मध्ये मोटरसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडलं, त्यात दोन वेगळी डुलणी वेगळी करून दाखवली. एक हँडलचं वेगवान फडफडणं, सेकंदाला साधारण 6 ते 10 वेळा होणारं, ज्याला वॉबल म्हणतात. दुसरं अख्ख्या बाइकचं संथ लहरणं, सेकंदाला 2 ते 4 वेळा, म्हणजे वीव्ह. स्टीअरिंग डॅम्पर पहिलं दाबतो, पण मोठ्या वेगात दुसऱ्याला बळ देऊ शकतो. म्हणून मोकळ्या मैदानात वेगात असताना बाइक मागून पोहल्यासारखी लहरू लागली तर डॅम्पर घट्ट नाही, सैल करायचा असतो. अंगवळणी पडलेल्या सवयीच्या हे उलट आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

काही डॅम्परना आणखी दोन समायोजनं असतात. हाय-स्पीड व्हॉल्व्ह फार जोराच्या झटक्यात तेलाला पळवाट देतो. कंपनीचं सेटिंग पहिले काही महिने तसंच ठेवा आणि हा व्हॉल्व्ह पूर्ण बंद कधीच करू नका, नाहीतर मोठ्या आदळीत हँडल दगडासारखं कडक होतं आणि मनगटावर येतं. स्वीप म्हणजे मधल्या रेषेपासून किती अंशांपर्यंत डॅम्पिंग चालू राहील ते. दाट झाडीत स्वीप कमी ठेवला तर घट्ट वळणात हँडल पूर्ण मोकळं मिळतं. वाळूत तो वाढवा, कारण तिथे चाक मधोमध क्वचितच असतं.

थंड सकाळी आणि तापलेल्या दुपारी डॅम्पर वेगळा वागतो. तेल गरम झालं की पातळ होतं आणि तोच क्लिक सैल लागतो. म्हणून सेटिंग ठरवताना आधी पंधरा-वीस मिनिटं चालवून घ्या. जे क्लिक जमले ते लिहून ठेवा, वाळूसाठी एक आणि दगडांच्या वाटेसाठी एक. पूर्ण घट्ट करून तिथून मागे मोजत या, म्हणजे पुढच्या वेळी तीच जागा नेमकी सापडते.

बसवल्यानंतर

पहिल्या राइडनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, विशेषतः टॉवरचे, कारण नवा क्लॅम्प पहिल्या थरथरीत थोडा बसतो. प्रत्येक बोल्टवर आणि त्याच्या शेजारी मार्करची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, रेंच न लावता कळतं.

धुताना प्रेशर पाइप डॅम्परच्या शाफ्टवर किंवा कोनसेटवर धरू नका, पाणी सीलच्या आत शिरतं. धुऊन झाल्यावर पिन पुसा आणि नवं ग्रीस लावा. पिन आणि खाचेत प्ले आला की हँडल मधोमध किंचित ढिलं लागतं आणि झटका जिरण्याआधी एक टक जाणवतो. पिन किंवा तिचं बुश बदलण्याची वेळ झाली, डॅम्परमध्ये दोष नसतो. बॉडीखाली तेलाचा ओलावा दिसला, किंवा हँडल हलवताना एका ठिकाणी अचानक मोकळं झाल्यासारखं वाटलं, तर आत हवा गेली आहे आणि तेल बदलायला हवं. ते काम त्या डॅम्परची हत्यारं आणि अनुभव असलेल्याकडेच द्या, हवा न राहता तेल भरणं घरी जमत नाही. नियमित चालवणाऱ्याने साधारण वर्षातून एकदा ही सर्व्हिस करावी, धूळ आणि चिखल जास्त असेल तर त्याआधी.

बाइक पडली, अगदी उभ्या उभ्या जरी पडली, तरी पुढे निघण्याआधी हँडल दोन्ही टोकांना नेऊन बघा. टॉवर वाकला असेल तर आर्म एका बाजूला घासतो आणि हँडल त्या बाजूला जड लागतं. तसं आढळलं तर तिथेच आर्म पिनवरून काढा, काही किटमध्ये त्यासाठी दोनच बोल्ट सोडावे लागतात. डॅम्पर बाजूला करून घरी या. बॅगेत त्या बोल्टच्या मापाची एक अॅलन की कायम असू द्या.